जुन्या पिकअपची न्याय्य किंमत

वस्तूची न्याय्य किंमत कोणती, हा प्रश्न अर्थशास्त्राचा मानला जात असला, तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे याचा आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात भाजीपाला आणणाऱ्या किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माल पोहोचवणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपच्या सौद्यात तो जितका ठळक होतो, तितका नव्या गाडीच्या खरेदीत होत नाही. नव्या गाडीचा दर कंपनी ठरवते. दहा-बारा वर्षे राबलेल्या गाडीचा दर मात्र विकणाऱ्याला ठाऊक असलेल्या आणि घेणाऱ्यापासून झाकलेल्या गोष्टींवर अवलंबून राहतो.

हे झाकणे सोपे असते. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवले, की थंड इंजिन सुरू होताना येणारी अडचण आणि धूर दिसत नाही. किलोमीटरचा काटा मागे नेता येतो. चेसिसवरचे वेल्डिंग रंगाखाली दडते. चालू इंजिनच्या ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा जोरदार मारा आला, तर त्याला मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे सिलिंडरमधला वायू खाली उतरत असल्याची ती खूण असते, आणि त्याचा अर्थ इंजिनकाम जवळ आले असा होतो. शिवाय आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, दरवर्षी घ्यावे लागते, आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय किंवा बँकेच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही.

अशा सौद्याचा विचार परंपरेने पूर्वीच केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदीनंतर वस्तू पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, बियाण्याला दहा. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणात, लिहिली. ओझ्याच्या जनावराला जास्त दिवस का, हे उघड आहे, कारण त्याचा दोष ओझ्याखालीच कळतो; रिकामी पिकअप जालना रोडवर सुरळीत धावते, पण तिची खरी परीक्षा माल भरून कन्नडचा घाट चढताना होते. इस्लामी धर्मशास्त्रातही ‘खियार-उल-ऐब’, म्हणजे विक्रीच्या वेळी असलेला छुपा दोष नंतर आढळल्यास सौदा मोडण्याचा अधिकार, मान्य आहे.

याउलट 1872 च्या भारतीय करार कायद्यात दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक असली, तरी नुसते गप्प बसणे ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही, आणि त्याच्या उदाहरणात लिलावात विकलेला सदोष घोडाच येतो. कायद्याने मर्यादा आखणे समजण्यासारखे आहे, कारण प्रत्येक मौनाचा न्यायनिवाडा न्यायालय करू शकत नाही. परंतु कायद्याने सोडून दिलेले कर्तव्य त्यामुळे संपत नाही.

तथापि सगळा भार विक्रेत्यावर टाकणेही न्यायाचे नाही. पाऊस हुकला, भाडी बंद पडली आणि हप्ते थकले, म्हणून गाडी काढणाऱ्याची अडचण ओळखून भाव पाडणारा खरेदीदार खोटे बोलत नसतो, पण जिथे समोरच्याला नाही म्हणण्याची सोयच उरलेली नसते, तिथे त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. म्हणून न्याय्य किमतीला दोन अटी लागतात: जे एकाला ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊक असावे, आणि दोघांनाही सौदा सोडून उठून जाता यावे.

या अटी पाळून, गाडी घेणाऱ्याच्या मेकॅनिककडे नेऊ देऊन, इंजिनकामाचा आणि थकलेल्या कागदपत्रांचा खर्च उघडपणे वजा करून ठरलेला आकडा पाच-दहा हजारांनी इकडेतिकडे झाला, तरी तो न्याय्यच राहतो, कारण घासाघीस ही दोन जाणत्या माणसांमधली असते. मात्र दोष लपवून मिळवलेली वरची रक्कम, बाजारभावाशी कितीही जुळली, तरी विक्रेत्यावर ऋण म्हणूनच उरते.