चालणं आणि नजर

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जालना जिल्ह्याच्या या मुलखाला बलोपासनेचं महत्त्व नव्याने सांगावं लागत नाही. पण व्यायामाने म्हातारपणी नजरही टिकते का, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत पार बदललं आहे.

डोळ्याचा व्यायाम डोळ्यानेच करायचा, अशी आधीची समजूत. अमेरिकी डॉक्टर विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याशिवाय नजर सुधारण्याचं पुस्तक काढलं. बुबुळं फिरवा, तळव्यांनी डोळे झाका, ऊन घ्या. आपल्याकडेही हे रुजलं. दवावर अनवाणी चालून नंबर उतरतो असं सांगणारे आजही भेटतात. नंबर ठरतो तो नेत्रगोलाची लांबी, बुबुळाची वक्रता आणि आतलं भिंग यांवर. स्नायू ताणून यातलं काही बदलत नाही. सूर्याकडे टक लावल्याने तर पडदा भाजतो.

मग विचार डोळ्यावरून अंगाकडे वळला. पडदा हा शरीरातला अतिशय प्राणवायू खाणारा भाग, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. साखर आणि रक्तदाब वाढला की त्या खराब होतात. अमेरिकेतल्या बीव्हर डॅमच्या रहिवाशांची पंधरा वर्षं पाहणी झाली. त्यात हालतं-फिरतं आयुष्य जगणाऱ्यांत, पडद्याचा मध्यभाग रक्तवाहिन्या गळून बिघडण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्के कमी आढळलं. अशी माणसं एरवीही निरोगी असू शकतात, म्हणून सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. तरी दिशा मला पटते.

काचबिंदूत मात्र व्यायाम निवडूनच करावा. भरभर चालल्याने डोळ्यातला दाब काही काळ उतरतो. उलट चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली शीर्षासन करणाऱ्यांचा दाब मोजला, तो जवळपास दुप्पट झाला होता. काचबिंदू असलेल्या आजोबांनी शीर्षासनाचा हट्ट धरू नये, हे मी ठामपणे सांगेन.

जालन्याच्या मोतीबागेत सकाळी फिरणारे ज्येष्ठ दिसतात. गावाकडचं चित्र वेगळं. जन्मभर शेतात राबलेला माणूस काम मुलाकडे गेल्यावर ओट्यावर बसतो. मोतीबिंदू वाढतो तशी पायरी अंधूक दिसू लागते. भिंतीला हात लावून, पायाने चाचपत तो उतरतो, मग पडण्याच्या भीतीने उतरणंच सोडतो. चालणं थांबलं की साखर वाढते, आणि वाढलेली साखर पडदा पोखरते. व्यायामाने नजर राखायची, तर व्यायामापुरती नजर आधी हवी. या विषयात हीच बाजू सगळ्यांत कमी बोलली जाते.

चालून मोतीबिंदू विरघळत नाही. त्याला शस्त्रक्रियाच हवी, आणि जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात तिच्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसं येतात. पट्टी निघाल्यावर घरचे त्यांना महिनोन्महिने जपून बसवून ठेवतात. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर त्यांना बांधापर्यंत जाऊ द्यावं, आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदाही तपासून घ्यावा.