आधी कुलूप

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘प्रोड्युसर-कन्झ्युमर’ सहसा चुकत नाही. पाच खणांचा बफर. एक थ्रेड त्यात आकडे भरतो, दुसरा उपसतो. बफर भरलेला असेल तर भरणाऱ्याने थांबायचं, रिकामा असेल तर उपसणाऱ्याने, आणि दोघांनी एकदम हात घालायचा नाही. डायक्स्ट्रा यांनी १९६५ सालीच हे कोडं सेमाफोरने सोडवून दाखवलं. रिकामे खण मोजायला एक, भरलेले मोजायला एक, आणि बफरच्या दाराला एक कुलूप. त्यामुळे बहुतेक पोरं हे मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवतात आणि कँटीनला जातात.

ओंकार आणि सायलीने मात्र स्वतः लिहायचं ठरवलं. भरणारा थ्रेड त्याचा, उपसणारा तिचा. ओंकार म्हणजे एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा. कोडमध्येही त्याने आधी म्युटेक्स घेतला आणि कुलूप ताब्यात आल्यावर ‘सेम_वेट’ने विचारलं, रिकामा खण आहे का? सायलीने उलट लिहिलं. आधी भरलेला खण आहे ना ते पाहायचं, मग कुलूप.

“अगं, आधी कुलूप घे. मध्येच दुसरं कोणी घुसलं तर?”

“घुसू दे की. माझा खण सेमाफोरने मोजून ठेवलाय, तो कोण नेतोय?”

प्रोग्राम चालला. आउटपुट सावकाश वाचता यावं म्हणून ओंकारने भरणाऱ्यात एका सेकंदाचा ‘स्लीप’ टाकला होता. भरला, उपसला, भरला, उपसला. पाच मिनिटं पडद्यावर ओळी सरकत राहिल्या.

मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं, कोडवर नजर फिरवली आणि पेन मिटलं. “एकच ओळ हलवते हं,” म्हणत त्यांनी तो ‘स्लीप’ भरणाऱ्यातून काढून उपसणाऱ्यात टाकला.

भरला १. उपसला १. मग दोन, तीन, चार, पाच, सहा एका दमात भरले, आणि पुढे नुसता लुकलुकणारा कर्सर. एरर नाही, सेगमेंटेशन फॉल्ट नाही. ‘टॉप’मध्ये पाहिलं तर सीपीयू शून्य टक्के. बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा असा निवांत बसलेला प्रोग्राम जास्त छळतो, कारण तो काही बोलतच नाही.

मॅडमनी चालत्या प्रोग्रामला जीडीबी जोडला आणि सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस काढला. भरणारा ‘सेम_वेट’मध्ये झोपलेला, उपसणारा ‘म्युटेक्स_लॉक’पाशी ताटकळलेला.

“ओंकार, कुलूप कोणाकडे आहे?”

“माझ्या थ्रेडकडे.”

“आणि तो कशासाठी थांबलाय?”

“एखादा खण रिकामा व्हावा म्हणून.”

“रिकामा कोण करणार?”

ओंकारने सायलीच्या थ्रेडची ओळ पुन्हा वाचली. तो खण रिकामा करायलाच आला होता आणि दाराशी उभा होता.

“मॅडम, स्लीप परत माझ्याकडे आणला तर चालतं पण.”

“चालतं ना. उपसणारा जरा मंद निघेपर्यंत चालतं.”

अशा ‘स्लीप’च्या टेकूवर उभा असलेला कोड कॉलेजातच लिहिला जातो असं समजू नये. ओंकारने निमूटपणे दोन ओळींची अदलाबदल केली. प्रोग्राम धावला, सही मिळाली.

पुढच्या प्रॅक्टिकलला हेच थ्रेडऐवजी प्रोसेस वापरून करायचं होतं. ओंकारने थ्रेड बनवायच्या जागी ‘फोर्क’ लिहिलं आणि पुन्हा तोच कर्सर. भरणाऱ्याने पाच खण भरले, उपसणाऱ्याला एकही दिसला नाही. फोर्कनंतर प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. दोघांकडे आपापला बफर, आपापले सेमाफोर, आपापलं कुलूप. सायलीने फोर्कच्या आधी ‘एममॅप’ने सामाईक जागा मागून सगळं तिथे हलवलं, ‘सेम_इनिट’मधला शून्य बदलून एक केला, म्युटेक्सलाही तो प्रोसेसांमध्ये वाटून वापरायचा आहे हे सांगितलं. मग जमलं.

या खेपेला मॅडमनी पेन उघडलंच नाही. भरणाऱ्यात कुलूप घेतल्यावर, खणात काही लिहायच्या आत, दहा सेकंदांची झोप घातली आणि तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलवरून त्या प्रोसेसला ‘किल -९’ मारलं. उपसणाऱ्याने उरलेले खण उपसायला हात घातला आणि तो कायमचा अडकला.

“आता यात माझी काय चूक? मी तर मेलो!” ओंकार म्हणाला.

“मेलास तेव्हा किल्ली कुठे होती?”

लॅबमध्ये हशा पिकला. सायलीने मॅन्युअल उघडलं. म्युटेक्स ‘रोबस्ट’ करून ठेवला, की मालक कुलपासकट गेला तरी पुढच्याला ते मिळतं, फक्त सोबत ‘ई-ओनरडेड’ असा निरोप येतो. मग आतलं सामान तपासून कुलूप ‘कन्सिस्टंट’ झाल्याचं कळवायचं. तसं न कळवता सोडलं तर ते कायमचं बाद.

“म्हणजे उपसणाऱ्याने माझं अर्धवट काम निस्तरायचं,” ओंकार म्हणाला. सायलीच्या फंक्शनमध्ये त्याने त्या निरोपासाठी एक ‘इफ’ उघडला. शेवटचा खण लिहून झालाय का, भरायची जागा पुढे सरकली आहे का, हे तपासणाऱ्या ओळी लिहिल्या आणि सायलीने ‘कन्सिस्टंट’ची ओळ टाकायला कीबोर्ड पुढे ओढला.

“थांब, अजून एक आहे,” तो म्हणाला. “मरायच्या आधी मी एक रिकामा खण मोजून घेतला होता. त्यात भरलं काहीच नाही. तो परत द्यायला हवा, नाहीतर पाचाचे चारच उरतील.”

आणि त्याने रिकाम्या खणांच्या सेमाफोरवर एक ‘सेम_पोस्ट’ लिहिला.