फाटकावरची पाटी

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट. जनगणनेचे काम आम्हां शिक्षकांच्या गळ्यात पडले होते. खांद्याला पिशवी, हातात तक्ते आणि उन्हातून दारोदार हिंडणे. एका बंगल्याच्या फाटकाशी पोचलो, तो पाटी दिसली : 'कुत्र्यापासून सावध रहा'. ती वाचून होते न होते तोच पाटीचा धनी समोर उभा! काळाकुळकुळीत, तुकतुकीत अंगाचा, छाती पुढे काढलेला, आणि कान भाल्याच्या टोकांसारखे ताठ. डॉबरमन.

या कुत्र्याविषयी लहानपणापासून एक गोष्ट मी ऐकत आलो होतो. वयाबरोबर म्हणे त्याचा मेंदू वाढतो, कवटी मात्र वाढत नाही. मग डोके भणाणून तो एक दिवस आपल्या धन्यावरच उलटतो. ही गोष्ट साफ खोटी आहे, हे मला पुढे कळले. त्या क्षणी मात्र भणाणले होते ते माझे डोके.

तेवढ्यात आतून एक आजी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "या हो मास्तर. तो काही करत नाही. कान कापलेत ना त्याचे, म्हणून तसा दिसतो. आमचा मुलगा म्हणाला, चोरांना धाक बसला पाहिजे. चोर काही अजून आला नाही. येणारी-जाणारी माणसं मात्र बंद झाली."

तक्ते भरून मी परतलो, पण आजींचे ते बोलणे काही पाठ सोडीना. सवडीने मी या कुत्र्याचे कूळ धुंडाळले, आणि मला हसूच आले. त्याचा जनकही माझ्यासारखाच दारोदार हिंडणारा निघाला! जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात आपोल्डा नावाचे गाव आहे. तिथे लुई डॉबरमन (१८३४-१८९४) नावाचा गृहस्थ करवसुली करीत असे. वसुलीचा पैसा जवळ बाळगून एकट्याने हिंडायचे म्हणजे जोखमीचे काम. सोबतीला जबरदस्त राखणदार हवा, म्हणून त्याने निरनिराळ्या जातींची कुत्री जमवून ही नवी जात घडवली. तिच्यात रॉटवायलर आणि जर्मन पिन्शर यांचे रक्त असावे, असा जाणकारांचा कयास आहे. पुढे ऑटो गोलर या त्याच्याच गावच्या माणसाने १८९९ साली या जातीसाठी संस्था काढली, आणि तिच्या स्वभावातला तिखटपणाही बराच उतरवला. कुत्र्यांच्या कितीतरी जाती राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या हौसेतून जन्मल्या. ही जात एका वसुली कारकुनाच्या भीतीतून जन्मली.

दिसायला मोठा रुबाबदार प्राणी. नर खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच, वजन ४० ते ४५ किलो. मादी थोडी लहान. केस आखूड; रंग काळा किंवा तपकिरी; भुवयांवर, गालांवर, छातीवर आणि पायांवर गंजाच्या रंगाचे ठिपके. आणि कान? ते जन्मतः पिंपळाच्या पानासारखे मऊ आणि खाली लोंबणारे असतात. पिल्लू काही आठवड्यांचे झाले की ते कातरतात आणि उभे राहावेत म्हणून पट्ट्यांनी बांधून ठेवतात. शेपूट तर त्याहून आधीच छाटलेले असते. खुद्द जर्मनीत कान कापण्यावर १९८७ साली आणि शेपूट छाटण्यावर १९९८ साली बंदी आली. गंमत अशी की, अस्सल डॉबरमन कसा असावा हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा स्वभाव शांत, स्नेहाळ आणि घरच्यांना जीव लावणारा असावा, असेच म्हटले आहे.

मग तो उग्रपणा कुणाचा?

रक्ताचा, असे कुणी म्हणेल. थोडे खरेही आहे. हा कुत्रा सावध आहे, चपळ आहे, शिकवलेले चटकन उचलतो. त्याला हयगयीने वाढवले तर तो चावेल, आणि तो चावा साधा नसेल. पण तो सदैव धन्याच्या तोंडाकडे पाहत असतो. तिथे त्याला धास्ती दिसली, तर तो धास्तीच शिकणार.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने कुत्र्यांना लढाईचे शिक्षण दिले. त्यांत डॉबरमनांचा भरणा मोठा होता. १९४४ साली ग्वाम बेटावर अशी २५ कुत्री कामी आली. १९९४ साली तिथे त्यांचे स्मारक झाले. त्यावर ब्राँझचा एक डॉबरमन टेहळत बसला आहे. मला मात्र नंतरची हकीगत अधिक मोलाची वाटते. लढाई संपल्यावर या कुत्र्यांचे काय करायचे, हा प्रश्न आला. ती आता घरात ठेवण्याजोगी राहिली नाहीत, असे पुष्कळांना वाटत होते. विल्यम पटनी हा पशुवैद्य अधिकारी मात्र त्यांना माणसाळवून घरोघरी परत धाडण्याबद्दल आग्रह धरून बसला. ५५९ कुत्र्यांपैकी शिकवलेला उग्रपणा विसरता आला नाही, अशी निघाली अवघी चार! ज्यांनी शिकवले, त्यांनीच धीर धरून विसरायलाही लावले.

हे वाचले आणि माझा जुना एक विद्यार्थी डोळ्यांपुढे उभा राहिला. सातवीत असताना त्याने दुसऱ्या मुलाचे डोके फोडले होते. पुढल्या वर्षी तो वर्ग दुसऱ्या गुरुजींकडे गेला, तेव्हा चहा पिता पिता मी त्यांना सहज म्हणालो, "त्या पोरापासून जरा सावध राहा हो." एवढेच. पण मग काही हरवले की पहिली झडती त्याची. त्याच्या बाकावर कुणी बसेना. आम्ही म्हणत होतो तसा तो हळूहळू होत गेला, आणि नववीत त्याची शाळा सुटली. त्याने ते डोके का फोडले, हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते.

त्या वर्षी दिवाळीत आजींनी मला आठवणीने फराळाला बोलावले. फाटक उघडून आत गेलो, तरी कुणी भुंकले नाही. रस्त्यावर पोरे सुतळी बाँब लावीत होती. "तुमचा वाघ कुठाय?" मी विचारले. चकल्यांची ताटली माझ्यापुढे ठेवीत आजी म्हणाल्या, "खाटेखाली बघा."

वाकून पाहिले. आजींच्या जुन्या लुगड्यावर अंग चोरून तो थरथरत पडला होता. दर आवाजासरशी डोळे मिटून घेई. कान मात्र तसेच ताठ, शूरासारखे! भ्यालेला कुत्रा कान पाडतो. याला ते पाडण्याचीही सोय ठेवलेली नव्हती.

मी जमिनीवर बसलो आणि हात पुढे केला. त्याने तो हुंगला आणि आपली हनुवटी त्यावर टेकवली. किती सोपे होते ते! मग त्या मुलापुढे हात करायला मला काय झाले होते?