परंपरेशी इमान

परंपरेशी इमान राखणे म्हणजे तिचे रूप जसेच्या तसे सांभाळणे, की ज्या गरजेपोटी ते रूप जन्मास आले त्या गरजेला जागणे? तत्त्वचर्चेत हा प्रश्न सोपा वाटतो. व्यवहारात मात्र दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे उभी असतात. आयर्लंडच्या लोकसंगीतात हा पेच ठळकपणे दिसतो, म्हणून त्याच्या आधारे आम्ही येथे थोडा विचार करू इच्छितो.

१८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळात आयर्लंडमधील सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. परागंदा झालेल्यांबरोबर त्यांची गाणी व नृत्याच्या चाली परमुलखात गेल्या. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली अशा १८५० चाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. अशा संग्राहकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी जपले नसते तर पुढच्यांना मोडण्यासारखेही काही उरले नसते.

ही मोडतोड १९८२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या ‘द पोग्ज’ या वाद्यवृंदाने केली. त्याचा गायक शेन मॅगोवन १९५७ साली इंग्लंडमध्ये आयरिश आईबापांच्या पोटी जन्मला होता. टिन व्हिसल, बॅन्जो व अ‍ॅकॉर्डियन यांना या मंडळींनी पंक संगीताचा वेग आणि आक्रोश जोडला. पुढे अमेरिकेत ‘ड्रॉपकिक मर्फीज’, ‘फ्लॉगिंग मॉली’ असे वृंद याच वाटेने गेले.

जुन्या वळणाच्या काही वादकांना हा प्रकार रुचला नाही. त्यांच्या आक्षेपाचे दोन भाग करता येतात. पहिला, रूप भ्रष्ट झाल्याचा. त्याचे उत्तर अवघड नाही. बॅन्जो अमेरिकेहून आला. ग्रीसचा बुझुकी १९६०च्या दशकात आयरिश संगीतात शिरला. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. आज जे शुद्ध म्हणून मिरवते ते पुष्कळदा काल मिसळलेलेच असते.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. आयरिश माणूस म्हणजे मद्यपी, हे व्यंगचित्र इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवले. तेच त्यांच्या लेकरांनी रंगमंचावर विकावे काय? हा आक्षेप आम्हांला झटकून टाकता येत नाही. निव्वळ पेल्यांचा खणखणाट हे वारशाचे प्रदर्शन होय, वारसा नव्हे.

तथापि याच वृंदाच्या एका गाण्याकडे पाहावे. बर्मिंगहॅममधील बॉम्बस्फोटांबद्दल १९७५ साली सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली होती. ते तुरुंगात असतानाच, १९८८ साली, पोग्जनी त्यांच्या बाजूने गाणे गायिले. ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेने त्यावर बंदी घातली. १९९१ साली न्यायालयाने शिक्षा रद्द केली व ते सहाही जण सुटले. गाण्यामुळे ते सुटले असे आम्ही म्हणत नाही. परंतु फासावर गेलेल्यांचे, घरांतून हुसकलेल्यांचे दुःख उघड बोलणे हेच तर जुन्या आयरिश पोवाड्यांचे काम होते; आणि बोलणे महाग पडत असताना हे काम त्या गोंगाटी पोरांनी केले.

यावरून एक कसोटी हाती लागते. परंपरा कोणाचा तरी भार वाहते आहे, की गाणाऱ्याच्या अंगावरचा दागिना झाली आहे? ही कसोटी दोन्ही पक्षांना लागू आहे. शुद्ध वादन तिच्यावर नापास होऊ शकते, तसेच बंडही.

पितृऋण पितरांना परत देता येत नाही. ते पुढच्या पिढीच्या द्वारेच फिटते, अशी आपली जुनी धारणा आहे. गाण्याचे ऋणही तसेच आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांनी ते रचले ते गेले; त्यांनी सोसले तेच आज जो सोसतो आहे, त्याच्यापाशी ते फेडावे लागते.