पायली आधी उपडी कर

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एक मुलगी सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत होती. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत पाच उमेदवार होते, त्यांची मते मोजायची होती. तिने मेन फंक्शनमध्ये पाच घरांचा ॲरे घेतला आणि मत येईल तसा त्या त्या घरात एक मिळवला. घरच्या लॅपटॉपवर उत्तर बरोबर आले. लॅबमध्ये मात्र साठ मुलांच्या वर्गात एका उमेदवाराला ३२,००० हून अधिक मते पडली.

"मॅडम, मशीन बिघडलंय."

मॅडमनी कोड वाचला. "आजीला तांदूळ मोजताना पाहिलं आहेस?"

"हो. आधी पायली उपडी करून तळावर थाप मारते."

"कालचे दाणे आजच्या मापात येऊ नयेत म्हणून. फंक्शनच्या आत घेतलेल्या ॲरेची जागा आधी दुसऱ्या कशाला तरी वापरलेली असू शकते, आणि त्याचं उरलंसुरलं तिथंच पडून असतं. फंक्शनबाहेरचा किंवा स्टॅटिक ॲरे सी शून्याने भरून देते. आतल्याचं आपणच बघायचं. घरी जमलं, तो योगायोग."

मुलीने ॲरेपुढे बरोबरचे चिन्ह आणि महिरपी कंसात एक शून्य लिहिले. "एकाच शून्यात सगळी घरं रिकामी?"

"पहिलं तुझ्या शून्याने, उरलेली भाषेच्या नियमाने. म्हणून तिथे एक लिहिलास, तर फक्त पहिल्या घरात एक येईल; बाकी शून्यच."

पुढे मतदानाची दुसरी फेरी झाली. तोच ॲरे पुन्हा पुसायला तिने वेगळे फंक्शन लिहिले. आत मेमसेट, आणि आकारासाठी साइझऑफ. पहिल्या दोन उमेदवारांची मते बरोबर आली, उरलेल्या तिघांच्या खात्यात आधीच्या फेरीचीही मते राहिली.

या वेळी तिने मशीनला दोष दिला नाही. कोड ओळीओळीने वाचला. फंक्शनला ॲरे मिळतच नाही, मिळतो तो त्याचा पत्ता. साइझऑफने पत्ताच मोजला होता : ८ बाइट, म्हणजे ४ बाइटांची दोनच घरे. तिने घरांची संख्याही फंक्शनला पाठवली, आणि बेरीज जुळली.

"काय झालं होतं?" मॅडमनी विचारले.

"पायली उपडी केली होती, मॅडम. पण आत काही चिकटून राहिलंय का, ते पाहिलं नव्हतं."

तात्पर्य : माप रिकामेच असेल असे धरून मोजायला बसू नये. ते आपल्या हाताने रिकामे करावे, आणि पुरते रिकामे झाले का, हेही पाहावे.