वाजवणाऱ्याचं नाव

ललत हा पहाटेचा राग. दोन्ही मध्यम जवळजवळ ठेवून, जराही घाई न करता आळवायचा. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने हा ललत डिस्कोच्या ठेक्यावर बसवला. सोबत तोडी, भूपाली, मधुवंती, यमन, मालकंस असे एकूण दहा राग घेतले. तबला नाही, तानपुरा नाही. होती ती रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं: जुपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेका धरणारं टीआर-८०८ आणि खर्जाचे सूर वाजवणारं टीबी-३०३. एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. नाव अगदी साधं, दहा राग डिस्कोच्या तालावर. ती खपली नाही आणि लोक विसरून गेले.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. असे वादक रोज स्टुडिओत जात, पुढ्यात आलेलं वाजवत आणि घरी परतत. पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच येई. सिंग लग्नसमारंभांतही आपला वाद्यवृंद घेऊन जात. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जगभरात ज्यांची कीर्ती झाली ते गृहस्थ आयुष्यभर लग्नाच्या मांडवातही वाजवत होते.

त्या टीबी-३०३ कडे जरा जवळून पाहायला हवं. चंदेरी रंगाची, हातात सहज मावेल अशी पेटी. सोबतीला बास वाजवणारा नसेल तर गिटारवाल्याला सराव करता यावा, म्हणून ती बनवली होती. त्या कामाला ती कोणालाच पसंत पडली नाही आणि काही वर्षांतच उत्पादन बंद झालं. पण तिच्यात एक गुण होता. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर ती उडी न मारता घसरत जाऊ शकते. रागसंगीत ऐकलेल्या कानाला यात मींड सापडणारच. सिंगांना ती सापडली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या तरुणांच्या गटाने याच पेटीची बटणं फिरवून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि तिथून अ‍ॅसिड हाउस नावाची नाचाच्या संगीताची एक शाखाच सुरू झाली. आज जगभरचे डीजे त्या आवाजावर हजारोंना नाचवतात. शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकली नव्हती. कोणी कोणाचं उचललेलं नाही. फक्त तो आवाज आपल्याकडे पाच वर्षं आधी होऊन गेला होता.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी तबकडी हाती लागली. त्याने सिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये तबकडी नव्याने बाजारात आणली. युरोपात काहींना वाटलं, ही कोणा आजच्या संगीतकाराने केलेली चेष्टा असावी; १९८२ मध्ये भारतात असं काही झालंच नसेल! मग सत्तरी गाठलेले सिंग स्वतः तिकडच्या मंचांवर उभे राहिले, तीच यंत्रं वाजवली आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यावर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. जागतिक कीर्ती त्यांना मिळाली ती अखेरची जेमतेम पाच वर्षं.

मला खटकतं ते मधल्या वीस वर्षांचं मौन. हा माणूस कुठे परागंदा झाला नव्हता. मुंबईतच होता, वाजवत होता. कोणीही जाऊन विचारू शकलं असतं.

वाढवण, चिंचणी, डहाणू, तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या आपल्या पट्ट्याला ही गोष्ट नवी नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंचं वारली चित्र घराच्या कुडाच्या भिंतीवरून कागदावर आलं, ते सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्यांच्यापर्यंत पोहोचले म्हणून. १९८९ मध्ये मशेंची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. पद्मश्री यायला २०११ उजाडलं. बाहेरून येऊन ज्यांनी ओळखलं त्यांचे उपकारच आहेत. पण शेजारच्या पाड्यावर राहणाऱ्या आपल्याला ते आधी का दिसलं नाही, हा प्रश्न उरतोच.

आता तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचं पाहा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. तारपेकरी गालात हवा भरून घेतो आणि ती नळीत सोडत असतानाच नाकाने नवा श्वास ओढतो. सूर तुटत नाही. भाताला कणसं धरली की दिवाळीपर्यंत रात्र रात्र हे चालतं. एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते आणि कोणी तारप्याला पाठ दाखवत नाही. तारपेकरी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत असतो. पाय जड झालेले दिसले की चाळा, म्हणजे धून, बदलतो, आणि चाळा बदलला की सगळ्या साखळीची पावलं बदलतात. मोठ्या मंचावरचा डीजे वेगळं काय करतो? पहिलं गाणं संपण्याआधी दुसऱ्याचा ठेका त्यात मिळवायचा, नाचणारा थांबता कामा नये, आणि नजर कायम गर्दीवर. हे कसब या मातीत पिढ्यान् पिढ्या आहे.

आज आपल्याकडच्या हळदीत डीजे लागतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. रात्री दहानंतर आवाज बंद व्हावा आणि म्हाताऱ्यांची छाती धडधडू नये, एवढीच माझी तक्रार. त्या भिंतीएवढ्या स्पीकरांमागे मिक्सरवर बसलेला पोरगा आपल्याच गावचा असतो. वायरी तोच जोडतो, गाण्यात गाणं तोच मिसळतो, आणि कोणत्या गाण्याला मामा-मावश्या उठतील हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या कानावर तारपा लहानपणीच पडलेला असला, तर उद्या तो त्यातून काय घडवेल हे आज कोणी सांगू नये. चरणजित सिंगांच्या हातात यंत्रं परकी होती, कान मात्र इथला होता.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडल्यावरही तारपा वाजवतात. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शिकलेल्या घरांत त्यांचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. सन्मानाचा आनंद मलाही झाला. पण असे तारपेकरी इतर पाड्यांवरही आहेत, आणि प्रत्येकाकडे पद्म येणार नाही.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराला इथल्या मच्छीमारांचा आणि गावांचा विरोध किती जुना आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तो वाद इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. पण रस्ते, रेल्वे आणि नवी माणसं येणार असतील, तर या किनाऱ्याचं राहणं बदलणार हे नक्की. तेव्हा काय जपायचं हे आपणच आधी ठरवलेलं बरं.

म्हणून एक विनंती. तुमच्या जवळच्या पाड्यावर तारपा कोण वाजवतं, याची या आठवड्यात चौकशी करा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचे सगळे चाळे पूर्ण रेकॉर्ड करा. सोबत त्यांचं नाव, पाड्याचं नाव आणि तारीख बोलून ठेवा. घरच्या लग्नाला बोलवाल तेव्हा डीजेवाल्याला देता तशीच ठरवून बिदागी द्या, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांना पहिल्या रांगेत बसवा.