काळूची संमती

ज्याला कारण सांगताच येत नाही, त्याला त्याच्या भल्यासाठी टोचावं का? लहान मुलाला लस देताना हा प्रश्न पुढे ढकलता येतो. मोठं झालं की त्याला कळेल. आमच्या काळूला कधीच कळणार नाही. तो ११ वर्षांचा आहे, त्याला डायबेटिस आहे आणि जळगावच्या घरी मी त्याला दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन देतो. आधी जेवण, मग सैल कातडी चिमटीत धरून सुई. खाल्लं नाही तर आधी डॉक्टरांना फोन. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं.

बाकीचं इंजिनिअरिंग आहे. ४० युनिटच्या बाटलीला ४०चीच सिरिंज, १००ची घेतली की माप चुकलं. मे महिन्यात पारा ४४च्या पुढे गेला आणि वीज गेली, की बाटली डबीत बंद करून माठात.

शेजारच्या आजी विचारतात, "मान्साले भेटत नाही, अन् कुत्र्याले सुया?"

यावर इतिहास सांगायचा मोह होतो. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि डायबेटिसचं मूळ सापडलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोगही कुत्र्यांवरच झाले. पुढच्या जानेवारीत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इंजेक्शन मिळालं. म्हणजे मी कुत्र्यांचं ऋण फेडतोय! ऐकायला छान, पण हिशेब खोटा आहे. त्या कुत्र्यांनी काही दिलं नव्हतं, आपण घेतलं होतं. काळूला बरं वाटून त्यांच्यापर्यंत काय पोचणार?

आजींचा प्रश्नही त्याने सुटत नाही. काळूची बाटली बंद केली म्हणून ती कुणा गरजूच्या घरी जात नाही, पण तेवढे पैसे मी पाठवू शकतो. मला इतकंच म्हणता येतं की काळूला या घरात मी आणलं, तो स्वतःहून आला नव्हता.

संध्याकाळी सात वाजले की तो आपणहून येऊन उभा राहतो. मित्र म्हणतो, ही संमतीच झाली. मला पटत नाही. तो जेवणाच्या वाटीसाठी येतो, सुई त्या सौद्यात येते. त्याने 'हो' म्हटलेलंच नाही, त्यामुळे 'आता पुरे' हेही मलाच ओळखावं लागणार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, भिंतीच्या कडेने चालतो. काय पाहायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय: वजन, पाणी, उठायला लागणारा वेळ. खाली एक ओळ मी वाढवली आहे: दूधवाल्याची सायकल वाजली की अजून भुंकतो का.